दम लागणारा कुत्रा आपण का निवडतो? खंड्याच्या पालखीपासून ‘हचवाल्या कुत्र्या’पर्यंत

१/ जगातल्या बहुतेक कुत्र्यांना त्यांच्या देशाचे, कामाचे किंवा पैदास करणाऱ्याचे नाव मिळाले. आपल्याकडे एका कुत्र्याला मोबाइल कंपनीचे नाव मिळाले. ‘पग’ हा शब्द ठाऊक नसलेली माणसेही २००३ नंतर ‘हचवाला कुत्रा’ मागू लागली. चपट्या तोंडाचा, घोरणारा, उन्हात धापा टाकणारा हा जीव आपल्या दमट किनारपट्टीपर्यंत कसा पोचला, हा प्रश्न पशुवैद्यकाचा आहे, तितकाच इतिहासाचाही आहे. #थ्रेड

२/ प्रश्न नेमका मांडू. एखाद्या जातीला श्वासाचा, सांध्यांचा किंवा हृदयाचा विकार वंशानेच चिकटलेला आहे, हे उघड असताना माणसे तीच जात का निवडतात? तयार उत्तरे दोन आहेत : अज्ञान आणि क्रौर्य. मला दोन्ही अपुरी वाटतात. या कुत्र्यांचे मालक त्यांच्यावर जिवापाड प्रेम करतात, औषधपाण्यावर हात आखडत नाहीत. दोष त्यांच्या मनात नाही, नजरेत आहे. आणि नजर घडते ती इतिहासात.

३/ सुरुवात हजार वर्षांपूर्वीपासून करू. कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे इ.स. ९४९-५० च्या सुमाराचा एक शिलालेख सापडला. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याने तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला, त्या काळातला हा लेख. लढाईतील पराक्रमावर प्रसन्न होऊन गंग राजा बुतुग याने आपल्या मणलेर नावाच्या वीराला ‘हवे ते माग’ म्हटले. मणलेराने मागितला तो राजाचा ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा.

४/ पुढे हा कुत्रा एका थोरल्या रानडुकरावर सोडला गेला आणि झुंजीत दोघेही मेले. मणलेराने त्याचे स्मारक उभारले, पूजेसाठी जमीन लावून दिली. शिळेवर कुत्रा आणि डुक्कर झुंजताना कोरलेले आहेत. या लेखात गौरव कशाचा आहे हे पाहण्यासारखे आहे. काळीचे कान किती लांब, रंग कोणता, आई-बाप कोणत्या दरबारातले, यांपैकी कशाचाही नाही. त्याने काय केले, एवढेच लेखाला महत्त्वाचे वाटले.

५/ आता साताऱ्याला येऊ. छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या कुत्रा आपल्याला परिचित आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याच्या नावे जहागिरीची सनद निघाली आणि पालखीचा मान मिळाला, असे ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे. संगम माहुली येथे त्याचे स्मारक आजही दाखवले जाते. एका गर्विष्ठ सरदाराची खोड मोडण्यासाठी महाराजांनी आपल्या कुत्र्याला जरीवस्त्रे, दागिने आणि स्वतःची पगडी घालून दरबारात बसवल्याची हकीकतही डफच देतो.

६/ रायगडावरच्या वाघ्याच्या वादात येथे शिरत नाही. तो समकालीन पुराव्याचा वेगळा प्रश्न आहे. पण मराठी मनातला कुत्रा कसा आहे, हे पाहायला गडावर जावेच लागत नाही. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो, नामदेवांच्या कथेत पोळी पळवणारा कुत्रा असतो. यांपैकी एकाचीही जात आजवर कोणी विचारलेली नाही.

७/ तरीही भूतकाळाला सोवळे नेसवायला नको. खंड्याची पालखी ही मिरवण्याचीच गोष्ट होती. राजाचा कुत्रा राजाची ऐट दाखवत असे. शिवाय ‘काम करणारा कुत्रा’ निवडण्याची पद्धत निर्दय होती : जो धावू शकत नाही त्याची वीण पुढे चालत नसे, त्याला कोणी पोसतही नसे. तेव्हा हौस आणि मिरवणूक जुनीच आहे. मग एकोणिसाव्या शतकात नवे काय घडले?

८/ इंग्लंडमध्ये १८३५ साली बैलावर कुत्रे सोडण्याच्या खेळावर कायद्याने बंदी आली. बुलडॉगचे काम गेले, नाव राहिले. १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींचे प्रदर्शन भरले. आधुनिक श्वानप्रदर्शनांची सुरुवात त्यापासून मानतात. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. रेल्वेमुळे कुत्रे गावोगावच्या प्रदर्शनांत नेता येऊ लागले आणि नवश्रीमंत मध्यमवर्गाला मिरवायला एक आटोपशीर, घरात मावणारी सरदारी सापडली.

९/ या संस्थेने तीन गोष्टी रूढ केल्या. पहिली, वंशावळीचे बंद बाड : ज्याचे आई-बाप नोंदलेले तोच ‘शुद्ध’. दुसरी, दिसण्याचे गुण : डोके असे, शेपूट तशी, सुरकुत्या इतक्या. तिसरी, विजेत्या नराला भरमसाट मागणी : एकाच कुत्र्याची संतती पुढच्या पिढ्यांत सर्वत्र. तिन्हींचा परिणाम एकच झाला. रक्त आटत गेले, दोष साठत गेले आणि पारितोषिके वाढत गेली. मान मिळवण्यासाठी आता वाघासमोर उभे राहावे लागत नव्हते. परीक्षकासमोर उभे राहिले की पुरे.

१०/ पगचेच उदाहरण घ्या. हा मूळचा चिनी कुत्रा डच व्यापाराच्या काळात युरोपात आला आणि राजघराण्यांत रमला. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने १७४५ मध्ये स्वतःचे चित्र काढले, त्यात त्याचा लाडका पग बसलेला आहे. हे चित्र अवश्य शोधून पाहा. त्या पगला चांगले ठळक, पुढे आलेले नाक आहे. आजच्या पगचे तोंड भिंतीवर आपटल्यासारखे सपाट दिसते. निसर्गाने हे केलेले नाही. सपाट तोंडाला अधिक गुण देणाऱ्या डोळ्यांनी केले.

११/ नाक आखूड झाले म्हणजे काय झाले? कवटीचे हाड आखडले, पण आतले मांस त्या प्रमाणात आखडले नाही. टाळूचा मऊ भाग आणि जीभ त्याच अपुऱ्या जागेत कोंबली गेली, नाकपुड्या चिरेएवढ्या उरल्या, डोळे खोबणीतून बाहेर आले. आपण ज्याला घोरणे म्हणून हसतो, तो बहुधा अर्धवट बंद झालेल्या श्वासमार्गाचा आवाज असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरची आणि नाकातली ओल सुकवूनच तो अंग थंड ठेवतो. ज्याचे धापा टाकण्याचे साधनच अपुरे, त्याने उन्हाळ्यात काय करावे?

१२/ पग एकटा नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पाहणीत बुलडॉगच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक विणी शस्त्रक्रियेने करवाव्या लागल्याचे आढळले. पिल्लाचे डोके मोठे, मादीची कंबर अरुंद. जर्मन शेफर्ड आणि लॅब्रेडॉर यांना खुब्याचे दुखणे, कॅव्हेलियर स्पॅनियलला हृदयाची झडप आणि मेंदूला अपुरी पडणारी कवटी, डाल्मेशियनला मूतखडा. ‘हौसेला मोल नाही’ असे आपण म्हणतो. मोल असते, ते हौस करणाऱ्याऐवजी दुसरा कोणी मोजतो, एवढेच.

१३/ ही नजर आपल्याकडे साहेबाच्या बंगल्यातून आली. केनेल क्लब ऑफ इंडिया १८९६ चा. मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी दख्खनी शिकारी कुत्र्यांची निगुतीने पैदास केली आणि एक जोडी राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली, असे सांगतात. ‘मुधोळ हाउंड’ या नावाची ख्याती त्या भेटीशी जोडली जाते. धनगरांच्या आणि शिकाऱ्यांच्या वाड्यावस्त्यांवर तोच कुत्रा ‘कारवानी’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या धावत होता. त्याला ‘जातिवंत’ ठरवायला मात्र साहेबाची पसंती लागली.

१४/ स्वातंत्र्यानंतर बंगला गेला, फ्लॅट आला. दाराशी ‘अल्सेशियन’ हे अधिकाऱ्याचे लक्षण, तर गॅलरीत पांढरा ‘पामेरियन’ हे मध्यमवर्गाचे. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने हा पांढरा केसाळ स्पिट्झ घरोघरी नेला. मग २००३ मध्ये हच कंपनीची जाहिरात आली : एक लहान मुलगा जाईल तिकडे त्याच्या मागे मागे जाणारा पग. प्रकाश वर्मा यांनी दिग्दर्शित केलेली ही जाहिरात निष्ठेची गोष्ट सांगत होती. आपण निष्ठा पाहिली आणि नाक विकत घेतले.

१५/ जाहिरातीला सगळा दोष देणे सोपे आहे. पण विदा अधिक खोल जाते. स्टेफानो घिरलांडा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकन केनेल क्लबच्या १९२६ ते २००५ या काळातल्या नोंदी तपासल्या. अधिक निरोगी, दीर्घायुषी किंवा चांगल्या स्वभावाच्या जाती अधिक लोकप्रिय होतात, असे त्यांना आढळले नाही. लोकप्रियता फॅशनप्रमाणे चढते आणि उतरते. पुढच्या वर्षी त्याच गटाने दाखवले की चित्रपटात झळकलेल्या जातीची मागणी दहा वर्षांपर्यंतही वाढती राहू शकते. आपण कुत्रा निवडतो तेव्हा बहुधा शेजाऱ्याची निवड निवडत असतो.

१६/ चपटे तोंडच का आवडते? प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी १९४३ मध्ये एक कल्पना मांडली : मोठे डोके, रुंद कपाळ, मोठे डोळे, बारके नाक आणि गोबरे गाल पाहिले की माणसात वात्सल्य जागे होते, कारण ही तान्ह्या बाळाची लक्षणे आहेत. पगमध्ये ती ठासून भरली आहेत. म्हणजे ज्या विकृतीने त्याचा श्वास कोंडतो, तीच आपल्याला त्याला उचलून घ्यायला लावते. या कोड्याचा गाभा मला येथे दिसतो : आपले वात्सल्य खरे आहे आणि तेच त्याला भोवते आहे.

१७/ मालकांना दिसत नाही का? २०१२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात श्वासमार्गाचा विकार असलेल्या कुत्र्यांच्या ५८ टक्के मालकांनी ‘आमच्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास नाही’ असे सांगितले. लक्षणे त्यांना दिसत होती. पण ‘या जातीचे कुत्रे असेच असतात’ अशी त्यांची समजूत होती. पुढे पग, फ्रेंच बुलडॉग आणि बुलडॉग यांच्या दोन हजारांहून अधिक मालकांची पाहणी झाली, तेव्हा ९३ टक्के मालक पुन्हा तीच जात घ्यायला तयार होते. दिसण्याला भुलून ते या जातीकडे आले होते, आणि स्वभावासाठी तिच्याशी बांधले गेले होते.

१८/ हे मला फार मानवी वाटते. आजारी लेकराला आई अधिक जपते. जपण्याने नाते घट्ट होते. नाते घट्ट झाले की आजार हा स्वभावाचा भाग वाटू लागतो. ‘आमचा घोरतो’, ‘आमचा आळशी आहे’, ‘आमच्याला फिरायला आवडतच नाही’. यांतले प्रत्येक वाक्य प्रेमाचे आहे आणि प्रत्येक वाक्याआड एक लक्षण लपलेले आहे. म्हणून पग पाळणाऱ्याला हिणवणे हे अन्यायाचे आणि निरुपयोगीही आहे. वाद त्याच्या प्रेमाशी नाही. पुढचे पिल्लू निवडले जाते त्या क्षणाशी आहे.

१९/ माझे गाव तोंडवली, मालवण तालुक्यातले. पुढे तळाशीलकडे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. येथे मे महिन्यात उष्म्यापेक्षा दमटपणा अधिक छळतो. हवेतच ओल भरलेली असल्याने जिभेवरची ओल लवकर सुकत नाही. रापण ओढली जाते तेव्हा किनाऱ्यावर जमणारे गावठी कुत्रे पाहा. ऊन चढले की ते सुरूच्या सावलीत वाळू उकरून खालच्या गारव्यात पोट टेकतात. लांब नाक, सडपातळ अंग, आखूड केस : या हवेशी केलेला हा जुना करार आहे. चतुर्थीला मुंबईहून गाडीत बसून येणाऱ्या पगजवळ तो नाही.

२०/ आक्षेप येईल : ‘गावठी कुत्रे काय आजारी पडत नाहीत?’ पडतात. लूत, गोचीड, पार्व्हो, रेबीज, गाडीखाली येणे. त्यांचे आयुष्य सुखाचे आहे असे म्हणणे खोटेपणा ठरेल. पण हे आजार बाहेरून येतात. लस, उपचार आणि निगा यांनी त्यांतले बरेच टळतात. वंशाने मिळालेला कोंडलेला श्वास लसीने जात नाही. शस्त्रक्रियेने काहीसा मोकळा होतो, पण पुढच्या पिल्लात पुन्हा जन्म घेतो. एक दुःख आपण थांबवू शकलो नाही असे असते. दुसरे आपण पैसे मोजून मागवलेले असते.

२१/ आमच्या शेजारच्या आचरे, चिंदर, वायंगणी या गावांत गावपळणीची प्रथा आहे. देवाचा कौल झाला की सारा गाव घरे सोडून वेशीबाहेर राहुट्या ठोकतो. गुरे आणि कोंबड्यांबरोबर कुत्रेही नेले जातात. गावाच्या हिशेबात कुत्रा हा घरचाच गणला जातो आणि त्यासाठी त्याला वंशावळीचा कागद लागत नाही. परंपरेतले सगळेच अनुकरणीय असते असे नाही. पण आपुलकीची ही व्याख्या मला केनेल क्लबच्या व्याख्येहून प्रशस्त वाटते.

२२/ ‘मग विदेशी सोडा, देशी घ्या’ हे आजचे लोकप्रिय उत्तर आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळ, राजपालयम, रामपूर आणि हिमालयन मेंढपाळ कुत्र्यांवर तिकिटे काढली. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीसाठी संशोधन केंद्र आहे. लष्करानेही मुधोळला मेरठच्या केंद्रात प्रशिक्षण दिले. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जाती पाळण्याचे आवाहन केले. या अभिमानाचे मी स्वागत करतो, पण येथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हायला हवे.

२३/ कारण बुलडॉगची गोष्टही राष्ट्राभिमानाचीच होती. काम गेलेला कुत्रा, त्याचे राष्ट्रीय प्रतीक होणे, मग बंद बाड, मग दिसण्याचे गुण, मग एका विजेत्या नराची संतती. ही पायरीपायरीची वाट मुधोळलाही खुली आहे. ‘शुद्ध’ रक्ताचा हट्ट धरून आपण कारवानीची पैदास मोजक्या नरांवर आणली, फ्लॅटमध्ये बांधून ठेवण्यासाठी ती केली, तर पन्नास वर्षांनी आपलेच संशोधक त्याच्या आजारांची यादी करत बसतील. रोग विदेशी नाही. रोग त्या बाडात आहे.

२४/ वाट परतीचीही आहे. डाल्मेशियनचा मूतखडा घालवण्यासाठी अमेरिकी अनुवंशशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३ मध्ये एका पॉइंटरशी संकर केला. पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. ठिपके तेच राहिले, दोष गेला. तरी ‘शुद्धते’च्या नावाखाली अमेरिकन केनेल क्लबने त्यांना स्वीकारायला २०११ उजाडले. नेदरलँड्सने २०१९ पासून डोक्याच्या एक-तृतीयांशाहून आखूड नाक असलेल्या कुत्र्यांची पैदास रोखली. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियरची पैदास प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली.

२५/ आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी पैदास करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायला मनाई केली. पण नियम विक्रेत्याच्या दारापर्यंत पोचतो, घेणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत नाही. म्हणून पिल्लू घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. याचे आई-बाप मला पाहता येतील का? ते जिना चढल्यावर आवाज न करता श्वास घेतात का? आणि हे मला का हवे आहे; त्याच्या सोबतीसाठी की लोकांनी थांबून पाहावे म्हणून? तिसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर आले की पहिल्या दोघांना वेळ द्यावासा वाटतो.

२६/ पग आज ज्यांच्या घरी आहे त्यांनी त्याला जपावे : दुपारी बाहेर नेऊ नये, वजन वाढू देऊ नये, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा आणि घोरणे वाढले तर हसण्याऐवजी डॉक्टर गाठावा. आणि पुढच्या वेळी दाराबाहेरच्या, कोणत्याही जाहिरातीत न आलेल्या पिल्लाकडेही एकदा पाहावे. काळीला नाव मिळाले, खंड्याला पालखी मिळाली, ती त्यांनी केलेल्या कामासाठी. आपल्या कुत्र्याकडे आपण तेवढेही मागत नाही, फक्त सोबत मागतो. त्या बदल्यात त्याला मोकळा श्वास देता येत नसेल, तर आपली हौस महाग झाली असे समजावे.

२७/ शेवटी एक विनंती. तुमच्या गावात, वेशीवर किंवा एखाद्या देवळाच्या आवारात कुत्रा कोरलेला वीरगळ, समाधी वा स्मारकशिळा असेल, तर गावाचे नाव आणि शक्य असल्यास छायाचित्र खाली द्या. शिळेला शेंदूर वा तेल लावून लेख पुसट करू नका. आपल्या पूर्वजांनी कुत्र्याला कशासाठी लक्षात ठेवले, याची एक यादी आपण मिळून करू. आज आपण त्याला कशासाठी निवडतो, हे त्या यादीशेजारी ठेवून पाहता येईल.